ज्याचा कान उभा, तो कडू

बियाण्याच्या पुड्या आमच्या घरात मीच बांधते. दुसऱ्या कुणाचा हात त्यांना लागलेला मला खपत नाही, आणि हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दोडका, घोसाळं, वाल, गवार, वाळूक, भोपळा, जे परसात पिकतं त्याचं बी परसातच धरायचं. चैत्रात सगळ्या पुड्या बाहेर काढायच्या, बियाला ऊन दाखवायचं, कागद फाटला असेल तर बदलायचा, चिमूटभर राख आणि कडुलिंबाची दोन वाळकी पानं आत घालून परत मिटवायचं. ना डिंक, ना पिन, ना दोरा. चौकोनी कागद तिरपा दुमडायचा, दोन्ही टोकं एकमेकांत अडकवायची, मग वर एक कोपरा उरतो. त्याला आम्ही कान म्हणतो.

सगळी मेख त्या कानात आहे. माझी आई शाळेची पायरी न चढलेली. तिनं रीत घालून दिली होती: खायच्या फळाचं बी असेल तर कान आत खोचायचा, खायचं नसेल तर कान उभा ठेवायचा. दोडक्याचं बी काळं, गवारीचं बारीक, वालाचं चपटं, ते पुडीवरून बोट फिरवलं तरी कळतं. कळत नाही ते फक्त भोपळ्याचं. आमच्याकडं दुधी भोपळे दोन, एक गोड आणि एक कडू. वेल तसाच, फूल तसंच, फळ दोघांचंही गोल गरगरीत, बीसुद्धा एकसारखं. जुळ्या बहिणीच म्हणा. फरक कळतो तो फक्त जिभेला.

आता कडू मुद्दाम कशाला लावायचा, असं शहरातले पाहुणे विचारतात. अहो, वाळवून, आतून पोखरून त्याचा तुंबा, म्हणजे बी ठेवायचं भांडं करतात. कडू तुंब्याला कीड शिवत नाही, म्हणून माझ्या सगळ्या पुड्या तुंब्यातच असतात. तो तडकला की नवा लागतो. मात्र दोन्ही भोपळे एका साली लावायचे नाहीत, नाहीतर मधमाश्या एकाचं दुसऱ्यावर नेतात आणि बी बिघडतं. आणि कडव्याशी खेळ नाही. रस पोटात गेला तर रक्ताची उलटी होते, वेळेवर इलाज झाला नाही तर माणूस हातचं जातं. म्हणून आमच्याकडं कुठलाही दुधी चिरला की पहिला काप जिभेवर ठेवतात. कडू लागला की थू करून उकिरड्यावर.

एवढं सगळं ठाऊक असलेल्या बाईच्या हातून जे झालं, ते सांगायला बसले आहे.

पुड्यांचा कागद मला आपा द्यायची. आपा म्हणजे जवळा बाजार गावची बांगडीवाली. तीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन ती आमच्या गावात यायची. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या बांगड्या तिनं भरल्या, माझ्या सुनेच्याही तिनंच. बांगड्यांच्या डझनाला एक पातळ गुलाबी कागद गुंडाळलेला असायचा. तो ती फेकायची नाही. नीट घड्या घालून माझ्यापुढं ठेवायची आणि म्हणायची, "लो भाभी, तुमचं दप्तर आणलं." त्या कागदाला मारलेली घडी कधी उलगडायची नाही. कान खोचला की खोचलेलाच.

मग आपाला बीपी धरलं. पाय सुजायला लागले, फेरी बंद झाली आणि माझा कागदही बंद झाला. या चैत्रात मी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची पानं फाडली. चांगला गुळगुळीत, जाड कागद. सून तांदूळ निवडत समोर बसली होती. म्हणाली, "आत्याबाई, लई जाड हाय हा कागद. दुमड राहायची न्हाई. मी पुड्यांवर नावं लिहू का?"

"काहून? मला लिहिता येत न्हाई असं वाटून राहिलं का तुला? सातवी शिकलेय मी. माझ्या बोटांना डोळे हायत म्हणावं."

ती परत तांदूळ निवडायला लागली. मी फाटक्या तोंडाची आहे, हे मला मान्य आहे. पुढं तासभर मी एकटीच बडबडत होते, आजकालच्या पोरींना सगळं लिहून लागतं, आमची डोकी काय रिकामी होती का, असं काहीबाही.

मृगाच्या तोंडावर आपा रिक्षा करून घरी आली. दारातच बसली, दम लागला होता. म्हणाली, "भाभी, मोबाईलमें देखी मैं. कच्च्या भोपळ्याचा रस रोज उपाशीपोटी प्यायचा, बीपी उतरतं म्हणे. बाजारचा भोपळा औषध मारलेला असतो. तुमच्या परसातलं बी द्या. पत्र्यावर वेल चढवते."

गेल्या साली वानरांनी माझ्या गोड भोपळ्याचा वेल ओरबाडून काढला होता. एकच फळ बियाला वाचलं, त्याची एकच पुडी. ती सगळीच्या सगळी मी आपाला दिली. तिनं पुडी कपाळाला लावली आणि बटव्यात ठेवली. राहिलेली दुसरी पुडी, कडव्याची, मी गोठ्यामागच्या कुंपणाला टोकली. तुंबा तडकलाच होता. घरात सगळ्यांना बजावलं की कुंपणावरचा भोपळा विषारी आहे, हात लावायचा नाही.

भादवा आला. महालक्ष्म्यांच्या आधी दोन दिवस आपाचा फोन आला. आवाजात हुरूप होता. "भाभी, पहिला भोपळा तयार झाला! जुम्म्यापासून रस चालू करते." मी म्हटलं, "पी बाई, आणि चालायला लाग. माझं दप्तर राहिलंय तुझ्याकडं." दोघी हसलो.

त्या शुक्रवारी आमच्याकडं महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्यांचा नैवेद्य. पहाटेपासून चुली पेटलेल्या. नांदेडहून सणाला आलेली माझी धाकटी जाऊ भाज्या चिरायला बसली होती. मी पुरण घोटत होते. सहज मान वळवली तर तिच्या पुढ्यात अर्धा चिरलेला गोल भोपळा.

"हा कुठून आणलास?"

"गोठ्याच्या मागून. कसला कोवळा हाय बघा ताई."

मी ओरडलेच. "अगं, विष शिजवतीस का देवीला! कडू हाय तो, तुंब्याचा हाय!"

बिचारी पांढरी पडली. "मला कोण सांगितलं होतं? छान तर वास येऊन राहिलाय." तिला पटवायचं म्हणून मी एक काप उचलला आणि तोंडात टाकला. नैवेद्याचं काही चाखायचं नसतं, जाऊ "अहो ताई!" म्हणून किंचाळली. पण तोपर्यंत मी चावला होता.

गोड. काकडीसारखा गार आणि गोड.

मी दुसरा काप घेतला. दुसऱ्या बाजूचा घेतला. बुडखा चावला. गोड, गोड, गोड. कुंपणाला मी कडू समजून लावलेला गोड निघाला, मग गोड समजून दिलेला कडू कुणाच्या पत्र्यावर चढला होता? आणि आज शुक्रवार, आपाचा जुम्मा होता.

भिंतीवरच्या घड्याळात साडेसात झाले होते. आपा पहाटे फजरच्या नमाजाला उठते. उपाशीपोटी रस प्यायचा म्हणजे आतापर्यंत प्यायलीसुद्धा असेल. मी फोन लावला. रिंग गेली, गेली आणि बंद पडली. परत लावला. परत तेच. तिच्या पोराचा नंबर माझ्याकडं नव्हता. तीस वर्षांत कधी लागला नव्हता.

"गाडी काढ," मी सुनेला म्हटलं.

"नैवेद्य?"

"देवी थांबंल. गाडी काढ आधी!"

सुनेनं चुलीवरचं खाली उतरवलं. हात पुसले, पदर खोचला, स्कुटी काढली. मी पुरणाच्या हातानंच मागं बसले आणि बसल्या बसल्या तोंड सोडलं. चैत्रात सुपातल्या पुड्या तूच हलवल्या असशील. तूच उलथापालथ केली असशील. घरात कुणी धड काम करत नाही. दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळी पडायला लागली होती, समोरून ट्रॅक्टर येत होते, ती खड्डे चुकवत होती आणि मी तिच्या कानाशी भुंकत होते. मधेच फोन लावत होते. कुणी उचलत नव्हतं.

ओढ्याच्या पुलावर पाणी होतं. घोट्याएवढंच, पण खालचा रस्ता दिसत नव्हता. सून म्हणाली, "उतरा आत्याबाई, तुमी चालत या. मी गाडी ढकलत नेते." दोघी पाण्यातून निघालो. पाण्याला ओढ होती. मी लुगडं गुडघ्यापर्यंत धरलं होतं आणि आतून एकच धावा चालला होता, प्यायली नसू दे, माझी बाई रस प्यायली नसू दे.

पुलाच्या मधोमध सून पुढं बघतच म्हणाली, "आत्याबाई, त्या दिशी दोन्ही पुड्यांचे कान उभे होते."

मी थबकले.

"मी बघितलं होतं. तुमी पाणी आणायला गेल्ता, तवा खोचलेला कान आपोआप उघडला. कॅलेंडरचा कागद. मग तुमी आल्या, दोन्ही हातात घेऊन उभ्या राहिल्या."

खरं सांगायचं तर मला सगळं आठवत होतं. घरून निघाल्यापासून आठवत होतं, म्हणूनच तर मी एवढी ओरडत होते. दोन्ही कान उभे होते. कोणतं गोड, कोणतं कडू, काही कळेना. आई म्हणायची, बी फोडून आतला गर चाटला तरी कळतं. मी चाटणारच होते. पण समोर सून बसली होती. तासभर तिला सुनावलं होतं की माझ्या बोटांना डोळे आहेत. आता हिच्यासमोर बी चाटू? मी अंदाजानं एका पुडीचा कान आत दाबला, नखानं घट्ट केला आणि मान वर करून म्हटलं होतं, "झालं."

"मग बोलली काहून न्हाईस?" मी पुलावर विचारलं.

"बोलले असते तर ऐकलं असतं का तुमी?"

पाण्यातून बाहेर आलो. मी मागं बसले आणि पुढचा रस्ता नुसता फोन लावत राहिले.

आपाच्या घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, सकाळपासून उलट्या चालू आहेत, पोरानं बाजारातल्या दवाखान्यात नेलंय. ओट्यावर अर्धा भोपळा होता, दुपारच्या भाजीला राखलेला. खिडकीतून दिसत होता. मी शेजारणीला म्हटलं, "त्या भोपळ्याला कुणी हात लावू नका, जनावराला सुद्धा घालू नका," आणि तशीच पळत सुटले.

दवाखान्यात बाकांवर गर्दी होती. त्यात आमच्या गावच्या दोघी बसल्या होत्या, दर साली माझ्याकडून दोडक्याचं बी नेणाऱ्या. मला बघून हसल्या. मी आत घुसले. आपा खाटेवर आडवी, चेहरा मेणासारखा, खाली बादली. बादलीत लाल दिसलं. पोरगा उशाशी उभा. डॉक्टर हातात कागद घेऊन त्याला विचारत होते, "नीट आठवा, काय खाल्लं होतं?"

"रात्रीची शिळी डाळ खाल्ली म्हणते," पोरगा म्हणाला. "दुसरं काहीच न्हाई म्हणते."

"तेवढ्यानं एवढं होत नाही. बीपी का पडतंय हे कळलं पाहिजे मला."

मी आपाकडं बघितलं. तिनं मला ओळखलं. आणि तिनं मान हलवली. बारीकशी, उशीवरच. नको म्हणत होती. बोलू नको म्हणत होती. त्या बाईला समजलं होतं कशानं झालं ते. माझ्यावर येऊ नये म्हणून डॉक्टरला खोटं सांगून ती मरायला पडली होती.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. त्या क्षणीसुद्धा, देवाशपथ, मला बाकावरच्या त्या दोघी आठवल्या. दाराला फक्त पडदा होता. सगळं बाहेर ऐकू जाणार होतं. मग मी आपाच्या पायाला हात लावला. बर्फासारखा गार होता.

"डाक्टर साहेब, तिनं कडू भोपळ्याचा रस प्यायलाय," मी म्हटलं. जेवढ्या मोठ्यानं बोलता येईल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं. "बी माझं होतं. मी दिलं. गोड म्हणून दिलं, ते कडू निघालं."

पोरानं माझ्याकडं बघितलं. "चाची, तुमी?" एवढंच बोलला. ते अजून कानात आहे.

डॉक्टर आपावर वाकले. "किती प्यायलात? दोन घोट? अर्धा ग्लास?" आपानं डोळे मिटले. मग हात उचलून दाखवलं, पूर्ण.

त्यानंतर सगळी धावपळ झाली. दुसरी सुई टोचली, दुसरी बाटली लावली, ॲम्ब्युलन्स बोलावली आणि हिंगोलीला हलवलं. मी ॲम्ब्युलन्समध्ये बसले. कुणी बस म्हटलं नाही, कुणी उतर म्हटलं नाही. सलाईनची बाटली मी हातात धरली होती आणि वाटभर आपाच्या छातीकडं बघत होते, खाली-वर होते का नाही. एकदा बराच वेळ झालीच नाही असं वाटलं. मी जोरात ओरडले, तेव्हा तिनं डोळे उघडून मला दटावलं, "चिल्लाओ मत." एवढा आनंद मला माझ्या पोराच्या जन्माला झाला नसेल.

घरी जावेनं पंधरा भाज्यांचा नैवेद्य दाखवला. महालक्ष्मीनं गोड मानून घेतला असावा.

चौथ्या दिवशी हिंगोलीच्या दवाखान्यात आपा उशीला टेकून बसली. पोरगा चहा आणायला खाली गेला होता. मी तिचे केस विंचरत होते. चार दिवस दाबून ठेवलेलं शेवटी बाहेर आलंच माझ्या.

"पहिल्या घोटाला कळलं न्हाई का तुला? कडूजहर लागलं असंल. थुंकायचं होतं ना, बाई! अख्खा ग्लास काहून प्यायलीस?"

आपा हळू बोलली. घसा अजून सोललेला होता. "कडू तो था. मला वाटलं, औषध हाय, कडूच असणार. आणि भाभी, तुमी पुडी देताना मी बघत होते. दोन्ही पुड्या काढल्या तुंब्यातून. एक घेतली, परत ठेवली. परत घेतली. दोनदा बघितलं तिच्याकडं. तुमचा जीव अडकलेला दिसला मला. मी समजले, शेवटचं बी हाय, द्यायला नको वाटून राहिलं, तरीबी देऊन राहिली. एवढं काळजातलं काढून दिल्यालं, फेकू कशी?"

माझा हात तिच्या केसांतच राहिला. ती समजत होती तशी मी असते तर किती बरं झालं असतं. माझा जीव बियात अडकलेला नव्हता. ही गोड का ती गोड, एवढंच मी बघत होते, आणि विचारायची लाज वाटत होती. "आपा, मला शंका होती," मी म्हटलं. "तवाच शंका होती. न्हाई बोलले."

तिनं पाठ नीट माझ्याकडं केली. मग म्हणाली, "वेणी घट्ट घाल. सैल घातली की सुटते."

मी घट्ट घातली. मग मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

कुंपणावरचे दोन भोपळे मी बियाला राखले. त्यातला एकेक कापून, चाखून, तोंडात घोळवून बी काढलं, वाळवलं आणि सुनेपुढं सूप ठेवलं. जवळ्याहून आपाच्या पोराच्या हाती जुन्या गुलाबी कागदांची एक घडी आली होती, आपानं कपाटात शोधून पाठवलेली. पुडी मी बांधली, कान खोचला आणि सुनेच्या हातात पेन दिलं.

"लिही."

तिनं 'गोड' लिहिलं. मला दाखवलं. मी पुडी घेतली, बघितली, परत तिच्या हातात दिली.

"त्याच्याखाली लिही, चाखून बघावा. आणि मोठ्या अक्षरात लिही."